देवळाची किल्ली

एका हनुमान जयंतीच्या आधी गावातल्या पोरांनी वर्गणी केली आणि देवळावर बोर्ड लावला. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. पहाटे ५ काकडा, सकाळी ७ महापूजा, दुपारी १२ महानैवेद्य, सायंकाळी ६.३० धुपारती, रात्री १० शेजारती. खाली ठळक अक्षरांत : दुपारी १२.३० ते ४ दर्शन बंद. बोर्ड दिसायला झकास. अडचण एवढीच, की आमच्या मारुतीला शेजच नाही. कमरेएवढा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, पाठ भिंतीला टेकलेली. त्याला रात्री दहाला निजवायचं कसं, हे पोरांनी मला विचारलं नव्हतं. वारीला जाऊन आली होती, पंढरपुरात पाहिलं ते इथं आणून लावलं. हौसेला नावं ठेवू नयेत म्हणून मी गप्प बसलो. पण त्या बोर्डानं एक केलं. लोक वेळेवरून माझ्याशी भांडू लागले. तोवर कुणी भांडलं नव्हतं, कारण तोवर वेळ अशी ठरलेलीच नव्हती.

मी युसूफवडगावचा गुरव. तालुका केज, जिल्हा बीड. गावाचं नाव ऐकून परगावचा माणूस जरा थबकतो आणि मग विचारतो, ‘तुमच्याकडं हिंदूंची वस्ती किती?’ निजामाच्या मुलखात राहिलेल्यांना यात काही नवल वाटत नाही. शेजारचं अंबाजोगाईसुद्धा त्या काळी मोमिनाबाद होतं, आणि योगेश्वरी तेव्हाही तिथंच होती.

गावच्या मारुतीची आणि महादेवाची पूजा आमच्या भावकीकडं. चार घरं. पाळी पाडव्याला बदलायची. एका घराचं वर्ष झालं की किल्ली, समई, घंटा, ताम्हण मोजून दुसऱ्या घरी. आता तीन घरं पुण्याकडं गेली. चाकण, भोसरी, कुणी कंपनीत, कुणी रिक्षावर. हक्क चौघांचा आहे, पाळी मात्र कायमची माझ्याकडं. हनुमान जयंतीला भाऊबंद येतात, गाभाऱ्यात उभं राहून फोटो काढतात आणि रातच्या ट्रॅव्हल्सनं परत जातात. त्यांना बोलायची सोय नाही. माझाही थोरला तिकडंच आहे.

रोजची पूजा म्हणाल तर तासाभराची. अंघोळ करून घरून पाण्याची कळशी न्यायची. आधी महादेव. कालचं निर्माल्य उचलायचं, पिंड धुवायची, कपड्यानं टिपायची, भस्माचे पट्टे ओढायचे, बेल वाहायचा. बेलाचं पान पालथं, देठ आपल्याकडं. मग मारुती. त्याला रोज अंघोळ नसते, शेंदराच्या देवाला पाणी सोसत नाही. ओल्या फडक्यानं चौथरा पुसायचा, रुईच्या पानांची माळ घालायची, उदबत्ती, दिवा. शनिवारी शेंदूर. शेंदूर तेलात खलताना एक अंदाज लागतो. पातळ झाला तर ओघळतो, घट्ट झाला तर बोटांचे ठसे उठतात. असा थरावर थर चढत जातो आणि देवाचं नाक-तोंड हळूहळू बुजत जातं. मग चांदीचे डोळे बसवून तोंड कुठं आहे ते दाखवावं लागतं. कधीतरी कडक उन्हाळ्यात एखाद्या दुपारी ते सगळं कवच आपोआप सुटून खाली येतं. मी लहान असताना एकदा तसं झालं. आतून जो मारुती निघाला तो सडपातळ होता, हात उगारलेला, पायाखाली कायतरी दाबलेलं. म्हातारी माणसं बघायला आली. आजोबांनी कवच पाण्यात सोडायला नेलं आणि शनिवारी पुन्हा पहिला हात दिला. तो सडपातळ मारुती मी त्यानंतर पाहिला नाही.

दुपारी निवद. तोही सणावाराला आणि ज्यांच्या घरी काही असेल त्यांचा. पोळ्याला, पंचमीला, कुणाच्या नव्या गाईचं दूध आलं की खरवसाचा. माय-माऊली ताट झाकून आणतात, मी पाणी फिरवतो, एक घास देवापुढं ठेवून ताट परत देतो. संध्याकाळी दिवाबत्ती. एवढीच आमची रोजची चाकरी. काकडा आमच्याकडं कोजागरीपासून कार्तिकी पुनवेपर्यंतच असतो. महिनाभर पहाटे भजनी मंडळी टाळ घेऊन येतात, थंडीनं कुडकुडत म्हणतात, चहा पिऊन शेतावर जातात. बाकी अकरा महिने पाच वाजता देवळात मी आणि एखादं कुत्रं.

मग दिवसभर कुलूप का, हा लोकांचा प्रश्न. ‘गुरव, देवाला काय कोंडून ठेवलंय का?’ असं भरल्या पारावर विचारतात. याचं उत्तर देवात नाही, ज्वारीत आहे.

माझ्या आजोबांच्या काळी देऊळ दिवसभर उघडं असायचं, कारण आजोबा दिवसभर देवळात असायचे. त्यांना तिथं बसायचे पैसे मिळायचे नाहीत, धान्य मिळायचं. खळं झालं की गुरवाचं बलुतं ठरलेलं. शेतकरी ज्वारी मापून द्यायचा. त्या बदल्यात गुरवानं देवाची दिवाबत्ती करायची, गावाला बेल पुरवायचा, लग्नकार्याला पळसाच्या पत्रावळ्या लावून द्यायच्या. आजोबा सभामंडपात बसून पत्रावळ्या लावत. हात पानांत, नजर दारावर. येईल त्याला अंगारा लावत. दरवाजा बंद करायचं कारणच नव्हतं. मग थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारी खळ्यावर पडून असते, तिच्यातून कुणाला चार पायल्या देता येतात. सोयाबीन मळणीयंत्रातून पोत्यात, पोत्यातून टेम्पोत आणि टेम्पोतून आडतीवर. मधे गुरव कुठं उभा राहणार? कुणी बलुतं बंद केलं असं नाही, ते द्यायची जागाच पिकातून निघून गेली. आता काही घरं दिवाळीला शे-दोनशे रुपये देतात. राहिलेली जत्रेला बघू म्हणतात.

देवाच्या नावावर थोडी इनामी जमीन आहे. सातबारावर मालक देव, आम्ही वहिवाटणारे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या देवस्थानांच्या खटल्यात सांगितलं, की देवळाच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. निकाल मला पटतो. देवाची जमीन गुरवांनी विकून खावी असं मी म्हणणार नाही. जिथं ती विकली गेली तिथं देवाला दिव्याचं तेलही राहिलं नाही. पण मालक देव असला की पीककर्जाच्या कागदावर सही कुणाची घ्यायची, हा घोळ होतो आणि खेटे आम्हाला घालावे लागतात. तेव्हा मी सकाळी पूजा उरकून शेतात जातो, दुसऱ्याच्या कामालाही जातो. दुपारचं ‘दर्शन बंद’ ते एवढ्यासाठी. देव झोपत नाही, गुरव खुरपत असतो.

कुलूपही फार जुनं नाही. एका पावसाळ्यात घंटा चोरीला गेली. पितळेची, मोठी, गावातल्या एका घरानं नवसाची दिलेली. साखळी तशीच लोंबत होती. तेव्हा लोखंडी जाळीचा दरवाजा बसवला. जाळी मीच मागितली. पत्र्याचा दरवाजा बसवा म्हणणारे पण होते. जाळीतून देव दिसतो, हात जोडता येतात, नाणं आत टाकता येतं. गावाबाहेरच्या महादेवाला मात्र दार भक्कम आहे, तिथं समई राहते.

किल्ली घरी खुंटीला असते. आणि खरं वेळापत्रक म्हणाल तर ती खुंटीवरून कधी कधी निघते, तेच.

दसरा झाला की आमच्या भागातली अर्धी गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोड. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी ठरलेली, ट्रॅक्टर दाराशी. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. गाडी निघते ती रात्री. लांबचा पल्ला असतो. दोन वाजता कडी वाजते, ‘बप्पा, उघडा की, टोळी चालली.’ मी अंघोळ न करता नुसते हातपाय धुऊन जातो. ट्रॉलीत भांडी, पिठाचे डबे, ताडपत्री, खुराड्यात कोंबड्या, वर घोंगड्यात गुंडाळलेली लेकरं. नारळ फोडतात, अर्धं भकल देवापाशी, अर्धं ट्रॅक्टरवाल्याला. एका वर्षी एक बाई सरळ गाभाऱ्यात आली. मारुतीच्या पायाचा शेंदूर बोटानं काढला आणि स्वतःच्या कपाळाला न लावता कोयत्याच्या मुठीला लावला. दोन कोयते होते, नवऱ्याचा आणि तिचा. दोन्हीला लावला, बोट पदराला पुसलं आणि ट्रॉलीत चढली. बाईनं गाभाऱ्यात यायचं नसतं असं गाव मानतं. मी काही बोललो नाही. रात्री दोनला बोलायचंही नसतं.

रातच्या लाइटवाल्यांचं वेगळं. शेतीची वीज रात्रीची असली की माणसं बारा-एकला मोटार चालू करायला निघतात. अंधारात, सापाकिरड्याच्या वाटेनं. त्यांना दार उघडायचं नसतं, जाळीला हात लावून ‘जय बजरंगा’ म्हणून जातात. दिवा तेवत असला म्हणजे झालं. म्हणून रात्रीच्या दिव्यात मी तेल जरा जास्त घालतो, त्याचे पैसे कुणाकडं मागत नाही. दवाखान्याची गाडी निघाली तरी थांबते. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला बाळंतीण न्यायची असते, आत बाई कण्हत असते, सासू उतरून तेवढ्यात अंगारा घेते. अशा वेळी किल्ली सापडेपर्यंत माझा जीव वर-खाली होतो. म्हणून जाळीच्या बाहेर एका डबीत अंगारा ठेवून दिला आहे, ज्याला लागेल त्यानं घ्यावा.

लग्नाच्या तिथी असल्या की परण्या मारुतीला येतो. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा, नवरदेव घोड्यावरून देवळापुढं येतो एक वाजता, पुढं डीजे आणि नाचणारी पोरं. पूर्वी बामणकाका घड्याळ दाखवून ओरडायचे. आता तेही खुर्चीत शांत बसतात. मला नारळ, टॉवेल-टोपी मिळते, आणि शेताचा अर्धा दिवस जातो. पोरांच्या बोर्डाप्रमाणं त्या वेळी दर्शन बंद होतं. पण घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला बोर्ड दाखवायची माझी छाती नव्हती.

घड्याळावर आमचा देव वर्षात एकदाच चालतो, तो चैत्र पुनवेला. मारुतीचा जन्म सूर्योदयाचा. रात्रभर जागर, पहाटे कीर्तन. कीर्तनकार बुवा तयारीचे असले तर आख्यान असं खेचत आणतात, की पहिलं किरण आणि जन्माचं वाक्य एकदम यावं. आमच्याकडं तेव्हा सव्वासहाच्या आसपास उगवतं. एक पोरगं देवळाच्या स्लॅबवर उभं करतात, पूर्वेकडं तोंड करून. खाली बुवा अंजनीचं दुःख सांगत असतात आणि नजर सारखी वर पोराकडं. एका वर्षी ढग होते. पोरगं काही ओरडेना. बुवांनी अंजनीला तीनदा रडवलं, मृदंगवाला थकला, शेवटी एका म्हाताऱ्यानं मोबाईल वर केला, ‘महाराज, सहा बावीस झाले, होऊ द्या.’ गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. देवाचा जन्म मोबाईलच्या घड्याळानं लागला. त्यात वाईट काय, मला तरी कळलं नाही.

वेळेचं सगळ्यांत मोठं दुखणं आमच्याच भागातल्या देवीला झालेलं आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी. कथा अशी, की ती परळीच्या वैजनाथाशी लग्नाला वऱ्हाड घेऊन कोकणातून आली आणि मुहूर्त टळला. ती अंबाजोगाईला राहिली, वैजनाथ परळीला. वऱ्हाडाचे दगड झाले म्हणतात. परळी तिथून तासाभराच्या आत. इतक्या जवळ येऊन वेळ चुकली म्हणून लग्न राहिलं. माझी आई ही गोष्ट सांगून पुढं म्हणायची, ‘थोडं थांबले असते तर काय झालं असतं?’ कुणाला उद्देशून म्हणायची ते तिलाच ठाऊक.

योगेश्वरीला अश्विनातलं नवरात्र असतं आणि मार्गशीर्षात दुसरा उत्सव. त्या दिवसांत रांगा, बॅरिकेड, पोलीस. परळीला श्रावण सोमवारी आणि महाशिवरात्रीला तसंच. तिथल्या वेळा पाळाव्याच लागतात; हजारो माणसं एका दारानं आत आणि एका दारानं बाहेर काढायची तर घड्याळाशिवाय भागत नाही. पण परळीची एक गोष्ट मला फार आवडते. सभामंडप आणि गाभारा एका पातळीवर आहेत, मंडपात उभं राहिलं तरी पिंड दिसते, आणि पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची चाल आहे. बारा ज्योतिर्लिंगांत स्वतःला धरणारं देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं, आणि केजचा सालगडीही तिथं हाताचा पंजा पिंडीवर ठेवू शकतो.

पंढरपुराचं तर बोर्डवाल्या पोरांनी अर्धंच पाहिलं. काकडा, नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धुपारती, शेजारती हा तिथला रोजचा क्रम खरा. पण आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, निद्रा बंद. देव रात्रंदिवस उभा आणि दर्शन चोवीस तास. पाठीशी लोड देतात, उभं राहून दमतो म्हणून. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला न्हाऊ-माखू घालतात, काढा देतात आणि मग पलंग परत येतो. म्हणजे ज्या देवळाचं वेळापत्रक सगळ्या महाराष्ट्रानं उचललं, ते देऊळ सगळ्यांत जास्त माणसं येतात तेव्हाच ते वेळापत्रक गुंडाळून ठेवतं. मी पोरांना हे सांगितलं. एक म्हणाला, ‘मग आपला मारुती बारमाही आषाढीतच आहे की.’ पोरगं हुशार आहे.

वेळेचा प्रश्न मला सोपा वाटतो. दार उघडं असताना कोण आत येऊ शकतं, हा अवघड. आजोबांच्या काळी आमच्या भागातल्या बहुतेक गावांत अमुक वस्तीतल्या माणसानं पायरीच्या खालून हात जोडायचे, नारळ खाली ठेवायचा, गुरवानं तो उचलून फोडायचा आणि भकल वरून टाकायचं. देव वर्षभर उघडा आणि त्यांच्यासाठी वर्षभर बंद. नाशिकला काळारामाच्या दारात बाबासाहेबांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार उघडलं. आमच्याकडं तेव्हा निजाम होता. आम्ही भारतात आलो १७ सप्टेंबर १९४८ ला. पुढं १९५६ चा कायदा आला, की सार्वजनिक देवळात कोणत्याही हिंदूला जातीवरून किंवा वर्गावरून अडवता येणार नाही. आता कुणी कुणाला पायरीवर अडवत नाही. पण एखाद्या गावच्या सप्त्याच्या पंगतीत वाढपी कोण आहेत आणि कुणाला वाढायला बोलावलेलं नाही, हे बघा. कायदा कुठवर पोचला ते तिथं कळतं.

याच १९५६ च्या कायद्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१६ मध्ये सांगितलं, की बायकांना देवळात अडवता येत नाही. त्याच महिन्यात, गुढीपाडव्याला, शनी शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. तेव्हा आमच्या पारावर आठवडाभर तोच विषय. मारुती ब्रह्मचारी आहे, बाईनं लांबून पाया पडावं, असं छातीठोक सांगणारे होते. मी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर गाभारा कुणी झाडला, शेंदूर कुणी लावला?’ सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्या बायकोनं. गुरवाची बाई चालते आणि गावची बाई चालत नाही, याला शास्त्र कुठलं? काम करायला बाई चालते, मान घ्यायला चालत नाही, एवढंच शास्त्र त्यात आहे. पारावरचा एकजण म्हणाला, ‘गुरव, तू लई शहाणा झालास.’ त्यानंतर मी काही ठराव वगैरे मांडला नाही. मी देवळात असलो की जाळीचं दार पूर्ण उघडं ठेवतो. बहुतेक बायका अजून उंबऱ्याशीच थांबतात. लेकी-सुना शाळा शिकलेल्या, त्या आत येतात.

देऊळ खरोखर बंद झालं ते २०२० मध्ये. त्या साली हनुमान जयंती ८ एप्रिलला होती. कीर्तन नाही, गुलाल नाही. मी एकटा आत, दोन पोलीस पाराशी. नवलाची गोष्ट अशी, की पूजा मात्र त्या वर्षभरात सगळ्यांत नीट झाली. वेळेवर, बिनगर्दीची, तेल न सांडता. आणि मला अजिबात करमत नव्हतं. एप्रिलच्या उत्तरार्धात ऊसतोड टोळ्या परत आल्या. त्यांना आधी गावाबाहेर, शेतात, वेगळं राहायला सांगितलं होतं. परत आल्यावर नारळ फोडायचा नवस प्रत्येकाचा असतो. त्यांनी नारळ बांधावर आणून ठेवले, प्रत्येकावर खडूनं नाव. मी ते पिशवीत घालून आणले आणि एकेक नाव घेऊन फोडले. तीन-चार नावांचा खडू घामानं पुसला होता. ते ‘टोळीचे’ म्हणून फोडले. देवळं उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. सरकारच्या आदेशात भाविकांनी मूर्तीला हात लावू नये असं होतं. आमच्याकडं पहिल्याच शनिवारी तेलाची धार सुरू झाली.

गुरवाला स्वतःला दार बंद होतं ते सुतकात. भावकीत कुठंही मयत झालं, अगदी चाकणला झालं, तरी चारही घरांना दहा दिवस देवाला शिवायचं नाही. हक्काचे चारही वाटेकरी एकदम बाद. मग बायकोच्या माहेरचा गुरव येतो, तो दुसऱ्या कुळातला. त्याचं स्वतःचं गाव, स्वतःचा महादेव, तो आमच्याकडं मोटारसायकलवर दहा दिवस हेलपाटे घालतो. त्याच्या सुतकात मी त्याच्याकडं जातो. गावात कुणाचं मढं असलं की ते उचलेपर्यंत आम्ही देवाला निवद दाखवत नाही, ती वेगळी चाल. ती कुठल्या बोर्डावर लिहिलेली नसते आणि तिच्यावरून आजवर कुणी वाद घातलेला नाही. ग्रहणाचंही तसंच. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, दुपारपासून वेध. दिवाबत्ती लवकर उरकली, सुटल्यावर मध्यरात्रीनंतर पाणी शिंपडलं. ग्रहणानं देव बाटतो यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. पण म्हातारी माणसं सकाळी विचारतात, ‘धुतलंस का रे?’ त्यांना हो म्हणता आलं पाहिजे.

बोर्डाचं म्हणाल तर आम्ही पोरांशी बसून तो दुरुस्त केला. शेजारतीची ओळ पुसली, धुपारतीच्या जागी ‘दिवाबत्ती’ लिहिलं, दुपारचं ‘दर्शन बंद’ काढलं आणि तिथं माझा मोबाईल नंबर घातला. त्याचा त्रास होतो. महिन्यातून एखादा फोन ‘प्लॉट विकणे आहे का’ म्हणूनही येतो.

केज-अंबाजोगाईकडं कधी आलात आणि युसूफवडगावात उतरलात, तर सकाळी नऊच्या आत या, नाही तर दिवे लागल्यावर. मधल्या वेळी जाळीला कुलूप दिसेल, पण देव दिसतो. आतच जायचं असेल तर पारावर कुणालाही सांगा, गुरवाला फोन लावा म्हणावं. सोयाबीनची काढणी चालू असली तर यायला अर्धा तास लागेल, तेवढं थांबा. आणि तेल आणलं असेल तर ते शेजारच्या डब्यात ओता. मूर्तीवर ओतू नका, फरशी निसरडी होते आणि पडतात ती म्हातारी माणसंच.